उझी माशी: जाळी पुरेशी आहे, मित्रकीटकांचा खर्च कशाला?

तुतीवाला
गेल्या वर्षी रेशीम अळ्यांच्या शेडची जाळी फाटकी होती, उझी माशी आत शिरली; तिची अळी रेशीम अळीला आतून खाते. पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांवर काळे डाग दिसले तेव्हाच पोटात गोळा आला. पुढे निम्म्या कोषांना भोकं. असल्या कोषाचा धागा सलग निघत नाही, व्यापारी हातसुद्धा लावत नाही. यंदा बारीक जाळी, दाराला दुहेरी पडदा. दोन बॅच स्वच्छ निघाल्या. आता म्हणे नेसोलिंक्सची, म्हणजे उझीला मारणाऱ्या मित्रकीटकाची, पाकिटं विकत घ्या. का घ्यायची?

बांधावरचा
भाऊ, दोन बॅचवर एवढा जोर? तुमच्या जाळीवर आपटलेली माशी मरत नाही, माझ्या शेडमध्ये येते. एक्झोरिस्टा, म्हणजे हीच उझी, कर्नाटकात 1980 मध्ये आली तीही पश्चिम बंगालच्या कोषांबरोबर. तिथे कुणाची खिडकी आडवी आली? तुमचा माल मार्केटला जातो तेव्हा पोत्यात उझीची अळी बाहेर पडते, फटीत शिरून प्युपा (अळी आणि माशी यांच्यामधली कवचातली अवस्था) होते. दहा-बारा दिवसांत नवी माशी. नेसोलिंक्स त्या प्युपातच अंडी घालते. मुळावरच घाव.

चॉकीवाली
दादा, घाव खरा, पण कधी बसतो ते सांगा ना. माशी रेशीम अळीच्या कातडीवर अंडं चिकटवते, दोन-तीन दिवसांत त्यातली उझीची अळी आत शिरते. आत गेलेल्या उझीला नेसोलिंक्स शिवतही नाही. म्हणजे आजच्या बॅचचं नुकसान ठरलेलं, फायदा पुढच्या बॅचला. डाग बघून पाकीट मागवणारे मग म्हणतात, ‘काही उपयोग झाला नाही’. ती पांढरी अंडी रोज बघायची सवय आधी लावा. टाचणीच्या डोक्याएवढी असतात, दिसतात. (आमच्या सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसतात, मला नाही.)

बांधावरचा
मान्य. पण म्हणून मित्रकीटक सोडायचेच नाहीत?

तुतीवाला
ताईंचं पटलं. तुमचं अर्धंच. शेड झाडून प्युपे जाळायला पैसे लागत नाहीत, ते आधी करा. तुमच्या शेडमागचा कचऱ्याचा ढीग मी रोज बघतो.

बांधावरचा
ढीग उद्या उचलतो. मग?

तुतीवाला
मग गावातल्या सातही शेडवाल्यांना विचारा. सगळे एकाच आठवड्यात सोडणार असतील तर माझी पाकिटं लिहून घ्या. जाळी मात्र काढणार नाही.