उन्हाळा लागला की व्यायाम बंद पडते, बाराही महिने टिकेल असं काय करायचं?

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. वय ४१, ऑफिस मिहानमध्ये, घर मनीषनगरला. सकाळी गाडी काढायची, ऑफिसला बसायचं, संध्याकाळी परत गाडीवर घरी, असा दिवस. यावेळच्या तपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात, सध्या गोळी नको, वजन थोडं उतरवा अन् रोजची हालचाल वाढवा. बाबांना शुगर होती, त्यांचे शेवटचे दिवस घरात पाहिले आहेत, म्हणून हा विषय मी हलका घेऊन नाही राहिलो.

अडचण आपल्या नागपूरची आहे. दिवाळीनंतर थंडी पडली की फिरायला जायला इतकं मस्त वाटते की सांगायची सोय नाही, सेमिनरी हिल्स म्हणा, अंबाझरी म्हणा, फुटाळा म्हणा, सगळीकडे माणसंच माणसं. होळी झाली की सकाळी ८ लाच ऊन अंगावर येते, मे मध्ये ४५ च्या वर पारा, रात्री जेवून बाहेर पडलं तरी डांबराची गर्मी पायाला लागते. मग पावसाळा, मग गणपती, मग दिवाळी, तोवर थंडीत कमावलेलं सगळं गेलेलं असते. बायको सोबत करायला तयार आहे. आई ६८ ची आहे, तिच्यासाठी पण काही सुचवा. महिनाभराचे चॅलेंज वगैरे नको, ज्यांचं वर्षानुवर्षं चालू आहे त्यांनी सांगा.

त्रिमूर्तीनगरचे_काका
मनीषनगरकर, मी एसटीतून रिटायर झालो, कंडक्टर होतो, त्यामुळे पायांना सवय आधीपासून. रिटायर झाल्यावर अंबाझरीचा ग्रुप पकडला तो आजपर्यंत सुटला नाही. उन्हाळ्याचं सांगतो. वेळ बदला, दिवस बदलू नका. हिवाळ्यात आम्ही ६:३० ला निघतो, एप्रिल लागला की ५ ला, अन् नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, सूर्य वर यायच्या आत घरी. दुपारी एक झोप काढतो, रात्री ९:३० ला दिवा बंद. लवकर उठणं म्हणजे लवकर झोपणं, रात्री १२ पर्यंत मोबाईल पाहून सकाळी ५ ला कोणी उठत नसते.

दुसरं म्हणजे सोबत. आमच्यातला कोणी दिसला नाही की ७ वाजता त्याला फोन जातेच, तब्येत बरी आहे ना भाऊ, काऊन नाही आला. त्या फोनसाठी का होईना माणूस येते. फिरून झाल्यावर तर्री पोह्याच्या ठेल्यावर रोज बसू नका एवढं मात्र पाळा, आम्ही रविवारचं ठेवलं आहे.

रविनगरचा_पोट्टा
काकांना मानलं. पण नुसत्या वॉकने बॉडीत काही फरक पडत नाही असं माझं मत आहे, मसल पाहिजे. जिममध्ये एसी आहे, बाहेर ४५ असो नाहीतर पाऊस असो, आत सारखंच. अन् दिवसाची १० हजार पावलं कम्पल्सरी, पावलं मोजणारं घड्याळ घ्या, रोज त्यातली रिंग, म्हणजे दिवसाच्या लक्ष्याचं वर्तुळ, पूर्ण झालीच पाहिजे. एक दिवस तुटला की मग तुटतच जाते, हे मी मित्रांमध्ये खूप पाहिलं आहे.

फिजिओ_धंतोली
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच पाहून राहिली आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी १० हजारचं. हा आकडा कोणत्या डॉक्टरनं काढलेला नाही, १९६५ च्या आसपास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याच्या नावातून तो जगभर गेला. २०१९ ला अमेरिकेत वयस्क बायकांवर एक मोठा अभ्यास आला, त्यात दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, अन् साधारण ७५०० च्या पुढे फायदा वाढणं थांबलं. त्या वयस्क होत्या, ४१ च्या माणसाला तोच आकडा लावू नका, पण जो आज ३००० वर आहे त्यानं ५००० गाठले तरी शरीराला ते कळते. १० हजार झाले नाही म्हणून दिवस वाया गेला असं समजून लोक सोडून देतात, हे मला जास्त नुकसानीचं वाटते.

रोज नाही केलं तर तुटते, हे पण तसंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर सवयीचा अभ्यास झाला होता, एखादी गोष्ट आपोआप व्हायला कोणाला १८ दिवस लागले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. अन् मधे एखादा दिवस चुकला तर सवय बनण्यात विशेष फरक पडला नाही. म्हणजे लग्नाला गेलात, ताप आला, तरी दुसऱ्या दिवशी आरामात सुरू करा.

पण मसलबद्दल पोट्टा बरोबर आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढते, अन् रक्तातली साखर सगळ्यात जास्त शोषून घेणारी जागा म्हणजे हेच स्नायू. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२० च्या सूचना पाहा, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, अन् त्याशिवाय निदान २ दिवस ताकदीचे व्यायाम. लोक पहिलं वाक्य वाचतात, दुसरं सोडतात. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम.

आता मनीषनगरकर, तुमच्या ६.१ साठी सगळ्यात कामाचं. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला, दोन्ही जेवणांनंतर. स्नायू काम करायला लागला की तो इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातून साखर ओढून घेते. जेवण झाल्यावर साखर चढते ती पुढच्या तासा-दीड तासात, त्याच वेळी तुम्ही खुर्चीत बसले तर ती तशीच फिरत राहते. सकाळी ५ चं फिरणं चांगलंच आहे, पण दुपारच्या पोळी-भातासाठी दुपारचं चालणं वेगळं पाहिजे. मिहानच्या ऑफिसला लंचनंतर एसी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारा, फोन आला तर उभ्यानं घ्या. यात ऊन-पाऊस काही आडवं येत नाही, तुमचा उन्हाळ्याचा अर्धा प्रश्न इथंच सुटते.

काका कंडक्टर होते म्हणाले त्यावरून आठवलं. १९५३ ला लंडनमध्ये डबलडेकर बसच्या ड्रायव्हर अन् कंडक्टरची तुलना छापून आली, डॉ. जेरी मॉरिस यांची. बस तीच, रस्ता तोच, पण बसून राहणाऱ्या ड्रायव्हरमध्ये हृदयविकार जास्त, दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरमध्ये कमी. व्यायामाला कोणीच गेलं नव्हतं, कामातच हालचाल होती. आपलं उलटं झालं आहे, कामातली हालचाल गेली अन् ती आपण सकाळच्या एका तासात भरून काढायला पाहून राहिलो.

वजनाचं पण सांगते, फार उतरवावं लागत नाही. २००२ ला अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, उंबरठ्यावरच्या लोकांनी आठवड्याला १५० मिनिटं हालचाल अन् सुमारे ७ टक्के वजन कमी करायचं लक्ष्य ठेवलं, डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत आपल्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ ला आला, तिथं घट जवळपास २८ टक्के. आपल्याकडे आकडा कमी आला, तरी नुसत्या राहणीमानातून एवढं मिळते हे काही थोडं नाही.

महालची_ताई
मी हे सगळं वाचून राहिली अन् मला वाटलं पहाटे ५ चं हे कोणाला जमते ते पण कोणी बोलावं. माझ्याकडे पहाटे ५ ला नळ येते, मग डब्बे, मग सासूबाईंचं औषध, मग शाळा, मी शिक्षिका आहे. आमच्या स्टाफरूममध्ये एक जण तरी असं म्हणते की घरकामात व्यायाम होतेच ना. नाही होत पूर्ण. झाडू-पोछा हालचालीत धरतात हे खरं, पण दम लागेल असं दहा मिनिटं सलग काही नसते, अन् कंबर तेवढी दुखते. मागे लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात आलं होतं, २०२२ च्या आकड्यांनी भारतातल्या ५७ टक्के बायकांची हालचाल कमी पडते, पुरुषांची ४२ टक्के. बायका आळशी आहेत म्हणून हा फरक आहे असं मला कोणी सांगू नये. वेळ स्वतःच्या नावावर नसते, अंधारात एकटीनं जाता येत नाही, ही कारणं आहेत.

मी काय करते ते सांगते. दूध तापत ठेवलं की ओट्याला दोन्ही हात टेकवून टाचा वर-खाली, हळू, वर गेल्यावर क्षणभर थांबायचं. दूध वर येईपर्यंत पोटऱ्या भरून येतात. मग ओट्यालाच हात लावून तिरपे दंड. दूध रोजच तापवावं लागते त्यामुळे हे विसरायचा प्रश्नच येत नाही. भाजीला बडकस चौकापर्यंत पायदळ जाते, गाडी काढतच नाही, येताना दोन्ही हातात पिशव्या सारख्या वजनाच्या. रात्री जेवणं आटोपली की गच्चीवर. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारून ठेवायचं, ९:३० पर्यंत चालण्यासारखी होते. नवऱ्याला सांगितलं आहे, त्या वेळात ओटा तो आवरते. मनीषनगरकर, तुमची बायको तयार आहे म्हणता ना, तर आधी रात्रीची भांडी कोण घासते ते ठरवा, नाहीतर दोन आठवड्यांनी ती येणार नाही.

रविनगरचा_पोट्टा
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नसतं, आमच्या घरी पण आई सगळ्यात शेवटी मोकळी होते. घरच्यासाठी एक सांगतो, जिम लावायची नसेल तर जुनी कॉलेजची सॅक घ्या, पुस्तकं भरा, दोन्ही हातांनी पोटाकडे ओढा, पाठीचा व्यायाम होते. जड वाटेनासं झालं की दोन पुस्तकं वाढवा. हे वाढवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, वर्षभर तेवढंच वजन उचललं तर स्नायू तिथंच थांबते.

मनीषनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचा भांड्यांचा मुद्दा घरी मोठ्यानं वाचून दाखवला अन् उत्तर लगेच मिळालं, भांडी माझ्याकडे आली.

मी आता असं ठरवून राहिलो. आठवड्यातून काही दिवस गाडी घरी ठेवायची, उज्ज्वलनगर स्टेशनपर्यंत पायदळ, मेट्रोनं खापरी, पुढे ऑफिसची बस आहे. स्टेशनवर जिना, सरकता जिना नाही. लंचनंतर कॉरिडॉर, रात्री बायकोसोबत गच्ची. बुधवार अन् रविवार सॅकवाले व्यायाम. थंडीत याशिवाय अंबाझरीचं फिरणं, ते बोनस समजायचं.

दोन शंका. एक, जिना उतरताना उजवा गुडघा थोडा दुखते, चढताना नाही, थांबू का? दोन, आईचं. तिला बीपीची गोळी आहे, मागच्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरला होता, हाड वाचलं पण तेव्हापासून ती घाबरून बाहेरच पडत नाही.

त्रिमूर्तीनगरचे_काका
आईंना बाहेर काढा, पण ओल्या रस्त्यावर नाही. आमच्या ग्रुपात ७५ च्या एक ताई आहेत, त्या आधी नातवाचा हात धरून गेटपर्यंतच यायच्या. घाई कोणी केली नाही.

फिजिओ_धंतोली
गुडघ्याचं, जिना उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूवर जोर जास्त येते, तो कमजोर असला की असं होते. सूज नसेल, गुडघा अडकत नसेल, उतरताना दगा देत नसेल तर पूर्ण थांबू नका. दुखणं थोडंसं असेल अन् दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल तेवढं चालते. काही आठवडे जिना चढा, उतरायला लिफ्ट घ्या, अन् खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, बसताना हळू. खुर्ची उंच घेऊन सुरू करा, जमलं की कमी उंचीची. सूज आली किंवा रात्री दुखून झोप उडायला लागली तर प्रत्यक्ष दाखवा.

मेट्रोचं चालणं मे मध्ये परत एकदा पाहा. गर्मीत त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात, शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तेव्हा मार्चपासूनच थोडं थोडं चालू ठेवलेलं बरं, एकदम नवतपात सुरू करू नका. डोक्याला दुपट्टा, निघायच्या आधी पाणी. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं सुरू झालं तर सावलीत बसा अन् घरी फोन करा, स्टेशन गाठायच्या मागे लागू नका.

आईंचं मात्र आधी डॉक्टरला विचारा की बीपीची गोळी कोणती आहे. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात पाणी कमी पडते, अन् एकदम उठलं की चक्कर येते, म्हणजे मागचं पडणं नुसतं घसरणं होतं की काय हे पण कळेल. नंतर तोल. पासष्टीच्या पुढे आठवड्याला ३ दिवस तोल अन् ताकद दोन्हीचे व्यायाम सांगितले आहेत. ओट्याला दोन्ही हात धरून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या, मागे खुर्ची ठेवलेली, अन् तुमच्यापैकी एक जण बाजूला उभा. जमायला लागलं की एक हात, मग दोन बोटं. त्यानंतर टाचेला अंगठा लावून ओट्याच्या कडेकडेनं चालणं. पायात मोजे नको, फरशीवर घसरतात, मागून पट्टा असलेली घरातली चप्पल घाला. बाथरूममध्ये दांडा बसवून घ्या, तो याच आठवड्यात.

मनीषनगरकर
दांड्यासाठी मिस्त्रीला आत्ताच फोन केला, शनिवारी येतो म्हणाला. गोळीचं पाकीट घेऊन उद्या डॉक्टरकडे जातो.