मदत हवी आहे: घरच्या ऑफिससाठी डेस्कटॉप असेंबल करायचाय, कोटेशन बघून सांगा (तातडीचं)

जमाखर्च
कॉम्प्युटरवाल्याने हे कोटेशन दिलंय. घ्यावं की नको एवढंच सांगा. बजेट ३५ हजार, त्यावर एक रुपयाही जाणार नाही. ११ तारखेच्या आत मशीन चालू व्हायलाच हवं.

इंटेल आय३-१२१००एफ
एच६१० मदरबोर्ड
८ जीबी रॅम
२५६ जीबी एसएसडी
कॅबिनेट (एसएमपीएससह, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यासह)
कीबोर्ड-माउस

दुकानदार म्हणतो मस्त पळेल. जुनी रॅम पडून आहे, ती यात टाकता येईल का? तेवढेच पैसे वाचतील. गेमिंग वगैरे काही नाही, साधं ऑफिसचं काम. प्लीज लवकर सांगा.

निवांत_नाना
साधं काम म्हणजे नेमकं कुठलं? राहता कुठे? मॉनिटर आहे की तोही घ्यायचाय? ३५ मध्ये विंडोज धरलंय का? जुनी रॅम कुठल्या मशीनमधली? आणि या यादीत एकाही वस्तूपुढे कंपनीचं नाव नाही. एसएसडी कुठली, एसएमपीएस कुठला? एवढ्यावरून हो किंवा नाही कसं सांगणार?

रायझन_रसिक
इंटेलच्या नादी लागू नका. सरळ एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि ए५२० बोर्ड घ्या. सहा कोर, बारा थ्रेड, ग्राफिक्स आतच, कूलर खोक्यातच येतो. माझ्याकडे २०२२ पासून आहे, दिवसभर चालू असतो, कुठलीही कुरकुर नाही. त्या आय३ मध्ये चारच कोर आहेत.

तुकडेजोड
एक मिनिट. कोटेशन कुणी नीट वाचलं का? १२१०० पुढे 'एफ' आहे. इंटेलचा एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. यादीत ग्राफिक्स कार्डही नाही. म्हणजे मशीन चालू होईल, पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. बोर्डावर एचडीएमआयचं पोर्ट असेल, पण त्यातून काहीही बाहेर येणार नाही, कारण ते पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतं.

हे कोटेशन आहे तसं घेऊ नका. एफ नसलेला साधा १२१०० मागा. त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स असतं, ऑफिसच्या कामाला ते पुरून उरतं.

रायझन_रसिक
म्हणूनच म्हटलं ५६००जी घ्या. तिथेही 'जी' बघूनच घ्यायचा, साध्या ५६०० मध्ये आणि ५५०० मध्ये ग्राफिक्स नाही.

जमाखर्च
तुकडेजोड, खूप खूप आभार. दुकानदाराला लगेच फोन केला. तो म्हणाला, "काळजी करू नका ताई, एखादं जुनं कार्ड लावून देतो." चालेल का?

बाकीची माहिती: सांगली. घरून अकाउंट्सची कामं करते. टॅली, एक्सेल, जीएसटी आणि इन्कम टॅक्सची पोर्टलं. मॉनिटर आहे. जुनं मशीन आय३-४१३०, रॅम त्यातलीच, ४ जीबीच्या दोन पट्ट्या. ते आता मध्येच बंद पडतं म्हणून ही धावपळ. विंडोज १० आहे, तेच नव्यावर टाकून घेईन.

तुकडेजोड
जुनं कार्ड नको. कुठून काढलेलं असेल, किती दिवस टिकेल, काही भरवसा नाही. उद्या ते गेलं की पुन्हा काळी स्क्रीन. एफ नसलेला आणि एफवाला यांच्या किमतीत फार फरक नसतो, तो फरक द्या.

जुनी रॅम विसरा. ४१३० ची रॅम जुन्या पिढीची, डीडीआर३ असते, एच६१० ला डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते. पट्टीतली खाचच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसतच नाही. कुणी जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट तुटेल. एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतो, एकाच नावाने. तेव्हा बोर्ड डीडीआर४ चा आहे की ५ चा हे कोटेशनवर लिहून घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या मशीनवर लोकांचे पॅन, पासवर्ड, डिजिटल सहीचे टोकन. नव्या मशीनवर विंडोज ११ च टाका.

पेंग्विनप्रेमी
नवीन मशीन हवंय कशाला? त्याच ४१३० मध्ये एसएसडी बसवा, लिनक्स मिंट टाका. दोन-तीन हजारांत काम होतं. माझ्या आईचा कॉम्प्युटर त्याहून जुना आहे आणि सुरळीत चालतो.

निवांत_नाना
पेंग्विनप्रेमी, मशीन मध्येच बंद पडतंय असं त्यांनी वरच लिहिलंय. आणि टॅलीचं काय?

पेंग्विनप्रेमी
टॅली वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम) चालते. मी चालवून बघितली आहे.

निवांत_नाना
चालवून बघणं वेगळं आणि दहा तारखेच्या रात्री क्लायंटचं रिटर्न भरणं वेगळं. टॅली अधिकृतपणे विंडोजवरच आहे. अडलं तर टॅलीवाला "वाइनवर आम्ही काही करू शकत नाही" म्हणून फोन ठेवेल. मला लिनक्स आवडतं, घरी वापरतोही, पण जिच्या पोटापाण्याचं काम टॅलीवर आहे तिला हा सल्ला देऊ नये.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत असतो. इकडे मायक्रो सेंटरमध्ये प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्र बंडल मिळतं, खूप स्वस्त पडतं. कुणी नातेवाईक येणार असतील तर मागवा.

तुकडेजोड
११ तारखेच्या आत? आणि बोर्ड बिघडला तर वॉरंटीसाठी तो पुन्हा न्यू जर्सीला?

शांत_सरोवर
मॅक मिनी एम४ घ्या आणि मोकळ्या व्हा. १६ जीबी रॅम, आवाज नाही, वीज कमी. भारतात ५९,९०० ला आला होता, ऑफरमध्ये खाली येतो.

जमाखर्च
बजेट ३५ आहे आणि मॅकवर टॅली नाही. कृपया विषयावर या ना. एफ नसलेला १२१०० की ५६००जी, एवढंच सांगा आता. रॅम ८ पुरेल का?

रायझन_रसिक
५६००जी. आणि रॅम ८ च्या दोन पट्ट्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो.

तुकडेजोड
ते गेम खेळताना जाणवतं. टॅली एका वेळी एखाद-दुसऱ्या कोरवरच बहुतेक काम करते, तिथे १२१०० चा एकेक कोर ५६००जी पेक्षा तेज आहे. दोन्हींतलं कुठलंही त्यांना कमी पडणार नाही. सांगलीत दुकानदाराकडे हातात जे आहे ते घ्यावं. प्रोसेसरवरून आपण इथे भांडतोय, पण काम अडतं ते रॅमला आणि स्लो डिस्कला.

८ पुरणार नाही. पोर्टल, मेल, व्हॉट्सॲप वेब, दोन-चार पीडीएफ, वर एक्सेल, की ८ भरली. १६ घ्या. रॅमचे भाव २०२५ च्या दिवाळीपासून भयंकर चढलेत, सगळी मेमरी एआयच्या सर्व्हरकडे वळली आहे. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या क्रुशल ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून जमत नसेल तर आत्ता ८ ची एकच पट्टी घ्या आणि एक स्लॉट रिकामा ठेवा. पण दुकानदाराला ४ च्या दोन पट्ट्या लावू देऊ नका. एच६१० वर दोनच स्लॉट असतात, दोन्ही अडकले की पुढे वाढवताना जुन्या काढून टाकाव्या लागतात.

लेमिंग्टनफेरी
सगळे नव्याच्या मागे का? ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर बघा. आय५-८५०० वाला, १६ जीबी, एसएसडी. बजेटच्या बऱ्याच खाली मिळतो आणि बांधणी या लोकल कॅबिनेटपेक्षा शंभर पटीने मजबूत. फक्त ८व्या पिढीच्या खालचा घेऊ नका, त्याच्या आधीच्या इंटेलवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मी मुंबईत लेमिंग्टन रोडवरून ऑफिससाठी असेच घेतो.

तुकडेजोड
सल्ला वाईट नाही. पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात. सांगलीत एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा बसणार नाही. मुंबईत तुम्हाला अर्ध्या तासात दुसरा मिळतो.

लेमिंग्टनफेरी
कुरियर नावाचीही गोष्ट असते हो. चार दिवसांत येतो.

तुकडेजोड
आणि नेमके ते चार दिवस ७ ते ११ असले तर?

करकचेरी
एक महत्त्वाचा मुद्दा सगळे विसरताय. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. जीएसटी नंबर टाकून बिल घ्या म्हणजे इनपुट क्रेडिटही मिळेल.

जमाखर्च
करकचेरी, हे मला माहीत आहे, रोज लोकांसाठी हेच करते. मशीनचं सांगा.

वीजमापी
मी इलेक्ट्रिशियन आहे म्हणून दुसऱ्या बाजूने विचारतो. घरी अर्थिंग आहे का? लाइट जाते का? यूपीएस किंवा इन्व्हर्टर आहे? जुनं मशीन मध्येच बंद पडतं म्हणालात, ते लाइट झपकन गेल्यावर की एरवीही?

जमाखर्च
इन्व्हर्टर आहे, यूपीएस नाही. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर आली की कधीकधी रीस्टार्ट होतं, आणि एरवीही बंद पडतं. अर्थिंगचं माहीत नाही, घर सासऱ्यांच्या वेळचं. अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हात लागला तर झिणझिण्या येतात, पण ते सगळ्यांकडेच होतं ना?

वीजमापी
नाही ताई, सगळ्यांकडे होत नाही. झिणझिण्या येतात म्हणजे त्या सॉकेटला अर्थिंग लागलेलं नाही. एसएमपीएसमध्ये आतली गडबड गाळायला दोन छोटे कॅपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले. अर्थची वायर असली की तो थोडासा करंट जमिनीत जातो. ती नसली तर कॅबिनेटचा पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण तुम्ही त्यालाच पेन ड्राइव्ह आणि सहीचं टोकन लावता. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, मागे वायर दोनच असतात. नवं मशीन आणण्याआधी हे करून घ्या. माणूस बोलवून अर्थची वायर खरीच ओढायला सांगा. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये एकत्र जोडून देणारे असतात, ते अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे "यूपीएस" असा स्विच असेल तर तो त्या बाजूला करा, बदल लवकर होतो. तरी मशीनला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा घ्या.

तुकडेजोड
वीजमापी, +१. आणि त्यातूनच एसएमपीएसचा मुद्दा. कॅबिनेटसोबत येणारा डबा हातात घेऊन बघा. स्टिकरवर ५०० वॅट आणि वजन काहीच नाही. हे मशीन कामाच्या भरातही १०० वॅटच्या आसपासच राहील, म्हणून मोठा आकडा नकोच आहे. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला) घ्या, बिलावर त्याचं मॉडेल लिहून घ्या. पैसे वाचवायचे असतील तर कॅबिनेट साधं घ्या, दिवेवालं नको. किंवा जुनंच कॅबिनेट वापरा, बोर्ड मायक्रो एटीएक्स (छोट्या मापाचा) असेल तर बहुधा बसेल. कीबोर्ड-माउसही जुने चालतील.

शाईवाला
अवांतर: माझा इंक टँक प्रिंटर महिनाभर बंद होता, आता काळी शाईच येत नाही. हेड क्लीनिंग करून झालं. काही उपाय?

निवांत_नाना
शाईवाला, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

जमाखर्च
अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियन उद्या सकाळी येतोय. दुकानदाराशीही बोलले. नवं कोटेशन: आय३-१२१०० (एफ नाही, दोनदा विचारलं), एच६१० डीडीआर४, ८ जीबीची एक पट्टी, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅट ब्रॉन्झ. कॅबिनेट, कीबोर्ड, माउस जुनेच. यूपीएस धरून ३५ च्या आत बसतंय, दुसरी ८ ची पट्टी भाव उतरले की घेईन. विंडोज ११ चं लायसन्स मला दुसऱ्या एका कामातून मिळणार आहे, ते यात नाही.

एक राहिलं. मॉनिटर दोन आहेत, एकावर टॅली, एकावर पोर्टल. दुसरा जुना आहे, निळी पिन आणि दोन बाजूंना स्क्रू. दोन्ही लागतील ना?

निवांत_नाना
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! निळी पिन म्हणजे व्हीजीए. एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही असतात आणि दोन्ही एकदम चालतात. पण सगळ्यांवर नसतात. पैसे देण्याआधी खोक्यावरचं मागच्या पोर्टांचं चित्र बघा.

तुकडेजोड
आणि जुनं मशीन सुरू होतंय तोवर त्यातल्या टॅलीचं लायसन्स सरेंडर करून घ्या, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करा. सिल्व्हर असेल तर एकाच मशीनवर चालतं, सरेंडर न करता जुनं कायमचं बंद पडलं तर टॅलीवाल्यांच्या मागे लागावं लागेल. त्याआधी डेटाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर. जुनी हार्ड डिस्क बॅकअपला नव्यात लावता येईल, पण फक्त तिच्या भरवशावर राहू नका.

लेमिंग्टनफेरी
बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर घ्या, रॅमचासुद्धा. आणि सगळी खोकी दुकानात सोडू नका, घरी आणा.

जमाखर्च
टॅली आत्ताच सरेंडर केली, डेटा दोन पेन ड्राइव्हवर घेतला. उद्या दुकानात जाते. मशीन लागलं की इथे लिहीन. शाईवाला, तुमचा धागा दिसला, माझ्याकडेही तसाच प्रिंटर आहे, तिथे उत्तर देते.