इन्सुलेशन स्लॅबच्या वर, पण आधी उतार बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक घर उन्हानं तापतं, म्हणून त्याला स्लॅबखालून थर्माकोल चिकटवून पीओपी करायचा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका. स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि झोपायच्या खोलीत डोक्यावर पेट घेणारी वस्तू येते. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, वरूनच करा, म्हणजे सगळं काँक्रीट उन्हापासून वाचतं.

गच्चीला 100 ला 1 तरी उतार हवा. मग वॉटरप्रूफिंग, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई करून वीतभर वर चढवलेलं. आपल्याकडचा पाऊस शिरतो तो बहुतेक तिथूनच. 48 तास पाणी साठवून खालून ओल तपासा आणि मगच एक्सपीएसचे (थर्माकोलपेक्षा घट्ट फोमचे) बोर्ड अंथरा. सांधे घट्ट भिडवा, कारण बोटभर फट राहिली तरी त्या पट्ट्यातून उष्णता खाली उतरते. वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), जाळी आणि काँक्रीटचा कोबा. घरांसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जा-बचत नियमावलीत, म्हणजे इको निवास संहितेत, छताच्या यू-व्हॅल्यूची (छतातून किती उष्णता जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) कमाल मर्यादा 1.2 आहे, 50 मिमी बोर्डात ती आरामात पाळली जाते.

वजनाचं मात्र मनावर घ्या. 50 मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे 120 किलो. जुन्या विटांच्या कोब्यावर तो चढवायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवाच.

वॉटरप्रूफिंगचं मेम्ब्रेन (डांबरी पट्टा) गॅस टॉर्चच्या ज्योतीने चिकटवणार असाल, तर ते काम पूर्ण उरकेपर्यंत बोर्ड गच्चीवर आणू देऊ नका, तेही पेट घेतात. कठडा बुटका असेल तर कामगारांसाठी तात्पुरतं रेलिंग लावून घ्या. वळवाच्या वाऱ्यात सुटे बोर्ड उडतात, त्यांच्यावर वजन ठेवा.