फ्लशिंगला शनिवार-रविवार, सोबत शाकाहारी आई

अबोली:
पुढच्या महिन्यात आई माझ्याकडे बॉस्टनला येतेय. दोन दिवस न्यूयॉर्कला जायचं ठरतंय. पुतळा, टाइम्स स्क्वेअर तिचं मागच्या खेपेला बघून झालंय. या वेळी तिला लोक राहतात तो भाग बघायचाय आणि माझ्या मनात फ्लशिंग, म्हणजे क्वीन्समधला चिनी वस्तीचा भाग, कधीपासून आहे. अडचण एवढीच की आई अंडंसुद्धा खात नाही, मी सगळं खाते. तिच्यापुढे नुसता भात आणि मी डम्पलिंग खातेय, असं व्हायला नको. गुडघ्यांमुळे चालणं बेताचंच. दुकानांत मात्र ती तास न्‌ तास रमते. तिकडे राहिलेलं कुणी आहे का?

सातवी_गाडी:
फ्लशिंगला ७ नंबरची सबवे जाते. शनिवार-रविवारी त्या लाइनवर बरेचदा कामं निघतात, तेव्हा आधी एमटीएची (तिथल्या वाहतूक संस्थेची) साइट बघा. पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेलरोडची पोर्ट वॉशिंग्टनला जाणारी गाडी वीसेक मिनिटांत फ्लशिंगला सोडते. पण एक फेरी ७ नेच करा. क्वीन्समध्ये ती रस्त्यावरून उंचावर धावते. आईंना खिडकी द्या.

रानपाखरू:
अबोली, मी नऊ वर्षं फ्लशिंगला होते, किसेना बुलेवार्डच्या जवळ. अजूनही आठवण येते.

आधी खाण्याचं. मेन्यूत नुसती पालेभाजी दिसली म्हणून आईसाठी मागवू नकोस. ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, नाहीतर कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलेली, वरून ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. ‘मांस नको’ म्हटलं की तुकडे तेवढे वगळतात. ‘वो चि सू’ म्हण, म्हणजे मी शाकाहारी. बौद्ध मंडळींमुळे ‘सू’ हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यांच्यातले कितीतरी जण कांदा-लसूणही खात नाहीत. ते चिनी अक्षर फोनवर मोठं करून ठेव, माझं त्यावर फार काम भागायचं.

शनिवारी बाराच्या आत न्यू वर्ल्ड मॉलच्या तळघरात पोचा. मेन स्ट्रीट स्टेशनपासून दोन पावलांवर आहे. नंतर बसायला जागा मिळत नाही. रोख पैसे जवळ असू देत. आईला आधी हाताने नूडल्स ओढणाऱ्याच्या समोर उभी कर आणि मग लिआंगपी शोध. चीनमधल्या शिआन शहराकडचा थंड पदार्थ आहे. कणीक पाण्यात धुतात, खाली बसलेल्या स्टार्चच्या पातळ चादरी वाफवून त्याच्या पट्ट्या कापतात. धुऊन उरलेलं ग्लुटेन वेगळं वाफवतात, त्याचे जाळीदार तुकडे वर येतात आणि ते व्हिनेगर, मिरचीचं तेल असं सगळं पिऊन घेतात. मला त्या पट्ट्यांपेक्षा हे तुकडेच आवडतात. तिखट कमी सांग आणि विचारून घे, पण यात मांस सहसा नसतं.

मग वर जेमार्ट हे सुपरमार्केट. दोन तास हाताशी ठेव, खरंच. जिवंत माशांच्या टाक्या आईला बघवणार नसतील तर तिला थेट भाज्यांकडे ने. ताजे कमळकंद, वाटाण्याचे कोवळे शेंडे, लसणाची पात आणि वाळवलेल्या मशरूमच्या इतक्या जाती की प्रत्येकीचा वास वेगळा. मी भाज्या शिकले त्या तिथल्या आज्यांकडून. एकमेकींची भाषा येत नव्हती. एकदा मी जून शेंडे उचलले तर एकीने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि कोवळी जुडी निवडून दिली.

रूझवेल्ट अव्हेन्यूवर एक फुलांचं दुकान आहे. मी जायचे तेव्हा तिथे दाराशीच गरम डोउहुआ मिळायचं. सोयाबीनच्या दुधाचं अगदी लुसलुशीत तोफू आणि त्यावर आल्याचा गोड पाक. आईला हे द्यायलाच हवं.

तुझ्यासाठी सूप डम्पलिंग. त्यात पोर्क असतं. गार करून घट्ट झालेला रस्सा सारणात घालतात, वाफेवर तो वितळतो. चमच्यात घेऊन कडेला छोटंसं भोक पाड आणि आधी रस पी, नाहीतर जीभ भाजेल.

रविवारी बाउन स्ट्रीटचं गणेश मंदिर. १९७७ साली तिथे प्रतिष्ठापना झाली. खालच्या कँटीनमध्ये डोसा मिळतो, आईला काही विचारावं लागणार नाही. चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा टॅक्सी करा. हा रस्ता मला फार जवळचा आहे. १६५७ मध्ये, इथे डचांची सत्ता असताना, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर बंदी आली तेव्हा फ्लशिंगच्या रहिवाशांनी तिच्याविरुद्ध लेखी निषेध केला, आणि त्यांच्यातलं कुणी क्वेकर नव्हतं! पुढे जॉन बाउनने आपल्या घरात क्वेकरांच्या सभा भरू दिल्या म्हणून त्याला हद्दपार केलं. अ‍ॅम्स्टरडॅमला जाऊन तो दाद मिळवून परत आला. त्याचं १६६१ चं घर याच रस्त्यावर उभं आहे.

सातवी_गाडी:
रविवारी परतताना जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर उतरता येईल. तिबेटी, नेपाळी मोमो, शिवाय पटेल ब्रदर्स हे भारतीय किराणा दुकान.

रानपाखरू:
गुडघे दुखत असताना नको. तिथे बघण्यासारखं इतकं आहे की तासाभरात काहीच होणार नाही. त्यासाठी पुढची खेप ठेवा.

अबोली:
जाऊन आलो! फुलांच्या दुकानात डोउहुआ मिळालं, आईने दोन वाट्या खाल्ल्या. लिआंगपी तिला आंबट लागली, ती मी संपवली. जेमार्टमध्ये अडीच तास. एका आजींनी आईला कमळकंद कसा निवडायचा ते दाखवलं, दोन्ही टोकं बंद असलेला घ्यायचा म्हणजे आत माती जात नाही. असे चार कंद बॉस्टनपर्यंत आलेत. रानपाखरू, त्यांचं काय काय करतेस तू?