मदत हवी आहे: परसातील पक्षिघराची जाळी आणि छप्पर

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या परसात बजरीगर आणि कॉकटील या पाळीव पोपटांसाठी आठ बाय सहा फुटांची शेड बांधत आहे. जांभ्याचा चौथरा तयार आहे आणि पावसाची झड लागणारी पश्चिमेची बाजू पूर्ण बंद ठेवणार आहे. उरलेल्या बाजूंना अर्ध्या इंचाची जस्ती जाळी लावून पाहिली, परंतु तिच्यातून उंदरांची पिल्ले आत शिरतात, आणि उंदरांमागून साप येणार हे कोकणात वेगळे सांगायला नको. पाव इंची जाळीने हवा पुरेशी खेळेल का? चोचीने कुरतडलेल्या जस्ताची विषबाधा टाळण्यासाठी ती व्हिनेगरने घासणे पुरते, की स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी? पत्र्यावरील पावसाच्या आवाजाने कॉकटील रात्री बिथरतात, म्हणून मंगलोरी कौले घातल्यास त्यांखाली काय लावावे?