नवशिक्यांच्या तयार पोकेमॉन डेकमध्ये आधी काय बदलावं?

बेंचवरची_मावशी

माझा भाचा पोकेमॉन कार्डांचा खेळ अगदी मन लावून खेळतो, आणि त्याच्याबरोबर खेळायला मिळावं म्हणून मीही आगीच्या पोकेमॉनचा एक तयार डेक घेतला. नियम आता पक्के झालेत. पाकिटांतून दोन चॅरिझार्ड ईएक्स (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीची खास कार्डं) मिळाले, तेही मी त्यात घातले. पण डाव जमत नाही. भाच्याकडे मिरायडॉन ईएक्सचा डेक आहे. त्याचा मिरायडॉन बेसिक (म्हणजे उत्क्रांतीची वाट न बघता थेट खेळता येणारा) असल्यामुळे हातात आला की लगेच मैदानात उतरतो, आणि वर त्याच्या क्षमतेने डेकमधून आणखी दोन विजेचे बेसिक पोकेमॉन शोधून बेंचवर (मागच्या राखीव रांगेत) बसवतो. तोवर माझा चारमँडर (उत्क्रांतीआधीचा चॅरिझार्ड) नुसता बसून असतो, आणि हातात बघावं तर एनर्जीच एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायची कार्डं).

डेक असा आहे: चारमँडर 3, चारमेलियन 2, चॅरिझार्ड ईएक्स 2, ग्रोलिथ 2, आर्कनाइन 2, व्हल्पिक्स 2, नाइनटेल्स 2, पिजी 2, पिजिओटो 2, टॉरकोल 2. ट्रेनर कार्डांत प्रोफेसर्स रिसर्च 2, नेमोना 3, बॉसेस ऑर्डर्स 1, अल्ट्रा बॉल 2, नेस्ट बॉल 2, स्विच 2, पोशन 3, रेअर कँडी 1. उरलेल्या 23 सगळ्या आगीच्या एनर्जी.

मला वाटतं आणखी दोन-तीन दणकट ईएक्स घालावेत. पण कोणते? आणि त्यांच्यासाठी काढू काय? आम्ही घरीच खेळतो, स्पर्धेचा विचार नाही. चॅरिझार्ड मात्र मला ठेवायचाच आहे, त्याच्यासाठीच मी खेळायला बसले.

फिरकी_पिजी

सगळ्यात सोपं म्हणजे हाच डेक आणखी एक घ्या. दोन्ही एकत्र पसरा आणि उपयोगी कार्डांच्या चार-चार प्रती करा. एका नावाची चारच कार्डं चालतात (साध्या एनर्जीला ही मर्यादा नाही), त्यामुळे उरलेली बाजूला ठेवायची. मीही सुरुवात अशीच केली होती.

साठ_पैकी_साठ

मावशी, नवे ईएक्स सध्या घेऊ नका. तुमच्याकडे या खेळातला एक उत्तम पोकेमॉन आधीच आहे, फक्त तो वेळेवर मैदानात येत नाहीये. तुमचा चॅरिझार्ड 2023 च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला आहे असं धरून लिहितो. 330 एचपी (तेवढं नुकसान झालं की पोकेमॉन पडतो), अंगावर चित्र आगीचं असलं तरी प्रकार डार्क, आणि उत्क्रांत होताच डेकमधून आगीच्या तीनपर्यंत एनर्जी काढून हव्या त्या पोकेमॉनला लावणारा. तोच असेल तर पुढचं सगळं लागू.

आता तुमच्या 23 एनर्जींकडे बघा. सुरुवातीच्या सात कार्डांत सरासरी पावणेतीन एनर्जी येणार, आणि एका टर्नला हातातून लावता येते एकच. म्हणजे हाताचा मोठा भाग पहिल्याच मिनिटाला अडकून पडतो. चॅरिझार्डला हल्ल्यासाठी दोनच लागतात आणि त्या तो स्वतः डेकमधून ओढून आणतो. हातात एनर्जी साठवायची गरज या डेकला इतर डेकांपेक्षा कमी आहे. 12 वर या. 12 ठेवल्या तरी पहिल्या सातांत किमान एक असण्याची शक्यता 81 टक्के राहते.

दुसरी अडचण मला एनर्जीपेक्षाही मोठी वाटते: रेअर कँडी एकच. चारमँडरवरून थेट चॅरिझार्डवर उडी मारायला तीच लागते. नाहीतर एका टर्नला चारमेलियन, पुढच्या टर्नला चॅरिझार्ड. त्या मधल्या टर्नमध्ये मिरायडॉनचा 220 चा फटका चारमेलियनला साफ करतो. शिवाय डाव सुरू होताना सहा कार्डं प्राइझ म्हणून उलटी पडतात (समोरचा पोकेमॉन पाडला की त्यातलं आपलं एक उचलायचं, सहाही उचलली की जिंकलो). कोणतंही एकुलतं एक कार्ड त्या सहांत अडकण्याची शक्यता दहात एक. पहिल्या सातांत ते येण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के. चार प्रती ठेवल्या की तीच 40 टक्क्यांवर जाते. ज्या कार्डावाचून डेक चालत नाही ते एक ठेवायचं नाही, चार ठेवायचं. माझं तुम्हाला सांगणं मुख्यतः एवढंच आहे, बाकी सगळं यातूनच निघतं.

म्हणजे ग्रोलिथ, आर्कनाइन, व्हल्पिक्स, नाइनटेल्स बाहेर. वाईट कार्डं नाहीत, पण तुम्ही नाइनटेल्स तयार करत बसता तेव्हा चॅरिझार्ड तयार होत नसतो. पोशनही तिन्ही काढा. एका फटक्यात 220 जात असताना 30 भरून काढून काही वाचत नाही. 11 एनर्जी, 8 पोकेमॉन, 3 पोशन, झाल्या 22 जागा मोकळ्या.

त्या 22 जागांत: चौथा चारमँडर. आणखी तीन रेअर कँडी. प्रोफेसर्स रिसर्च, अल्ट्रा बॉल, नेस्ट बॉल तिन्ही दोनाचे चार करा. बडी-बडी पॉफिन चार, कारण ते 70 किंवा कमी एचपीचे दोन बेसिक एकदम बेंचवर आणतं. आयोनो तीन. आर्व्हेन तीन: हा एक आयटम आणि एक टूल (पोकेमॉनला जोडायचं साधन) शोधून देतो, आणि रेअर कँडी व अल्ट्रा बॉल दोन्ही आयटमच आहेत. एक सुपर रॉड, आणि दुसरं बॉसेस ऑर्डर्स. बेरीज करून बघा, बरोबर 22 होते.

यात चमकदार एकही नाही हे मला माहीत आहे. पण हे केलं की डेक तोच राहून वेगळा वागतो. दुसऱ्या टर्नला चॅरिझार्ड उभा राहतो (त्याआधी शक्य नाही, कारण स्वतःच्या पहिल्या टर्नला रेअर कँडी चालत नाही आणि त्याच टर्नला उतरलेल्या बेसिकवरही चालत नाही).

आणि भाच्याच्या मिरायडॉनविरुद्धचा हिशेब ऐका, कारण तो फार सुंदर आहे. चॅरिझार्डचा हल्ला 180 चा, आणि समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे 30 जास्त. मिरायडॉनचे एचपी 220. म्हणजे भाच्याने दोन प्राइझ घेतली की तुमचा फटका 240 चा होतो आणि मिरायडॉन एका हल्ल्यात आडवा. तुमचा एक टॉरकोल आणि एक चारमँडर पडला की त्याला दोन प्राइझ मिळतात. ईएक्स पाडल्यावर तुम्हाला मिळतात दोन. असे तीन ईएक्स पाडले की सहाच्या सहा. उलट त्याला तुमचा 330 चा चॅरिझार्ड पाडायला दोन फटके लागतात, आणि 220 चा हल्ला केल्यावर तोच मिरायडॉन पुढच्या टर्नला हल्ला करू शकत नाही. त्यामुळे सुरुवातीला एखाददुसरा छोटा पोकेमॉन गेला तर घाबरू नका. तुमचा डेक मागे पडल्यावरच धारदार होतो. फक्त बेंचवर दुसरा चारमँडर तयार असू द्या.

जुनाट_पिसणारा

वरचं बहुतेक पटलं, पण दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

एक. या यादीत बेसिक किती उरले ते मोजा: चारमँडर 4, पिजी 2, टॉरकोल 2, म्हणजे 8. आठ बेसिकवर पहिल्या सात कार्डांत एकही बेसिक नसण्याची शक्यता जवळजवळ 35 टक्के आहे. तसं झालं की हात दाखवून पुन्हा पिसायचं, आणि दर वेळी समोरच्याला एक कार्ड जादा ओढता येतं. आधी 11 होते तेव्हा ही शक्यता 22 टक्के होती. मुरलेला खेळाडू हे सहन करतो कारण त्याच्या डेकमध्ये बाकी सगळं जुळलेलं असतं. शिकताना तीन डावांतल्या एका डावाची सुरुवात अशी झाली तर हिरमोड होतो. मी तर दोन ग्रोलिथ ठेवेन (आर्कनाइन नको) आणि एक आर्व्हेन व एक आयोनो कमी करेन. दहा बेसिक झाले की पहिल्या हातात किमान एक येण्याची शक्यता 74 टक्के. ग्रोलिथला करायचं काही नाही, पुढे उभं राहून वेळ काढून द्यायचा. तो पडला तरी प्राइझ एकच जातं.

दोन. पिजिओटो आहेत पण वर कुणीच नाही. त्याच ऑब्सिडियन फ्लेम्समध्ये पिजॉट ईएक्स आहे. त्याची क्षमता दर टर्नला एकदा डेकमधलं हवं ते कोणतंही कार्ड हातात देते. कोणतंही! चॅरिझार्ड आणि पिजॉटची जोडी स्पर्धांत खूप खेळली गेली ती यामुळेच. नवा ईएक्स घ्यायचाच असेल तर फक्त हा, आणि तो दोन पिजिओटोंच्या जागी. तीच रेअर कँडी त्यालाही लागते, वेगळं काही जमवावं लागत नाही. एक मिळाला तरी चालेल, दोन मिळाले तर उत्तम.

दोन्ही डेक एकत्र करण्याबद्दल: अशा डेकांत रेअर कँडी किंवा आयोनो मुळात कमी किंवा नसतातच. दुसरा डेक घेऊन 23 एनर्जी आणखी येतील. सुटी कार्डं घेतलेली बरी.

पुढे कधी स्पर्धेत जावंसं वाटलं तर कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघा. कोणती अक्षरं चालतात ते ठरावीक काळाने बदलतं. घरी खेळताना त्याची चिंता नको.

साठ_पैकी_साठ

बेसिकचा मुद्दा मान्य. ग्रोलिथ राहू देत. चार पॉफिनमुळे डाव सुरू झाल्यावर बेसिक भराभर येतात, पण पॉफिन पहिल्या हाताला मदत करू शकत नाही, ही गोष्ट खरीच आहे. आर्व्हेन मात्र मी कमी करणार नाही, त्याऐवजी आयोनो दोन कमी करेन. आयोनोने दोघांचेही हात डेकच्या तळाशी जातात आणि ज्याची जितकी प्राइझ उरली तितकी कार्डं मिळतात. मागे पडल्यावर ते अमूल्य आहे, पण ते कधी वापरायचं हे कळायला थोडा काळ जातो. सुरुवातीला एक पुरे.

पिजॉट मी मुद्दाम लिहिला नव्हता. दर टर्नला 60 पैकी कोणतंही कार्ड निवडायचं म्हटलं की नवीन माणूस डेक चाळत बसतो. आधी चॅरिझार्ड हाताला बसू दे, मग पिजॉट आणावा.

बेंचवरची_मावशी

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. 240 चा हिशेब वाचून मी कार्डं समोर मांडून पुन्हा बघितला. चॅरिझार्ड तोच आहे, खाली ऑब्सिडियन फ्लेम्सचं चिन्ह आहे.

एक प्रश्न राहिला. प्रोफेसर्स रिसर्च वापरताना हातातली सगळी कार्डं टाकून सात नवी घ्यायची असतात. हातात चॅरिझार्ड असताना ते टाकायला माझा हात धजावत नाही, म्हणून ते कार्ड तसंच पडून राहतं. त्याचे चार करून काय साधणार? नेमोना तीन कार्डं देते आणि काही टाकायलाही लावत नाही.

साठ_पैकी_साठ

चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर क्रमात आहे. एका टर्नला सपोर्टर (रिसर्च, नेमोना, आर्व्हेन, आयोनो अशी कार्डं) एकच खेळता येतो, पण आयटम कितीही. म्हणून आधी हात रिकामा करा. नेस्ट बॉल, पॉफिन खेळून बेसिक खाली उतरवा. एनर्जी लावा. अल्ट्रा बॉलला दोन कार्डं टाकावी लागतात, तिथे जास्तीची एनर्जी टाका. रेअर कँडी चालत असेल तर चॅरिझार्ड उतरवा. हे सगळं झाल्यावर हातात दोन-तीन कार्डं उरतात, आणि मग रिसर्च. दोन टाकून सात मिळाली, तिथे नेमोनाची तीन फिकी पडतात.

हातात चॅरिझार्ड आहे पण कँडी नाही, असं झालं तर त्या टर्नला रिसर्च खेळू नका. आर्व्हेन खेळून कँडी आणा. माझा आर्व्हेनवर जोर होता तो यासाठी. आणि नाइलाजाने चॅरिझार्ड टाकावाच लागला तर सुपर रॉड टाकलेल्यांतून पोकेमॉन आणि साध्या एनर्जी मिळून तीन कार्डं पुन्हा डेकमध्ये पिसतो. टाकलेलं कार्ड या खेळात कायमचं गेलेलं नसतं.

नेमोना तिन्ही राहू देत. सगळं एकदम बदलायची गरज नाही. आधी एनर्जी कमी करा आणि चार रेअर कँडी घाला, तेवढ्यावर काही डाव खेळा. मग कोणतं कार्ड हातात पडून राहतं ते तुम्हालाच दिसेल, पुढचं तेच काढायचं.

फिरकी_पिजी

मावशी, माझ्याकडे दोन पॉफिन आणि एक रेअर कँडी जास्तीची आहे. टॉरकोल नको, पण कोणताही आर्कनाइन किंवा नाइनटेल्स अदलाबदलीला चालेल. व्यक्तिगत निरोप पाठवते.