श्वासपटलाचं 'एक्स्कर्शन': विचलन म्हणावं का?

प्रश्न: निरोगी माणसांच्या श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या डायफ्रॅमच्या) सोनोग्राफीवरचा मजकूर मराठीत करतेय. 'एक्स्कर्शन'ला, म्हणजे श्वासागणिक ते सरकतं त्याला, 'विचलन' लिहिलं, पण वाचताना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. 'थिकनिंग'पाशीही अडलेय.

प्रतिसाद: 'विचलन' नकोच. वाटेवरून ढळणं म्हणजे विचलन. श्वास घेताना खाली जाणं ही तर श्वासपटलाची रोजची वाट. उजव्या बरगड्यांखाली प्रोब टेकवून यकृतातून पलीकडे बघितलं, की एम-मोडमध्ये (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणाऱ्या पद्धतीत) लाटेसारखी रेघ उमटते. तिच्या तळापासून माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. शांत श्वासात साधारण १ ते २ सेंमी, खोल श्वासात ५ च्या पुढेही. मोजतोय अंतरच, तर सरळ 'पल्ला' म्हणा. (डावीकडे जठरातला वायू आड येतो, तिथे शब्द सापडूनही रेघ सापडत नाही.)

प्रतिसाद: पल्ला आवडला, पण त्याला दिशा नाही. लुळं पडलेलं श्वासपटल श्वास घेताना उलटं वर चढतं. म्हणून पहिल्यांदा तरी 'खाली सरकण्याचा पल्ला' असं पूर्ण लिहा.

प्रश्नकर्ती: चालेल. आणि 'श्वासपटल जाड होते' लिहिलं तर आजार वाटतो त्याचं काय?

प्रतिसाद: दोष 'पटल'चा. पटल, पडदा म्हटलं की टांगलेलं कापड डोळ्यांपुढे येतं. मूळ ग्रीक शब्दातही आडभिंतच आहे. प्रत्यक्षात तो स्नायू. दंड वळला की बेटकुळी येते, तसा आखडताना जाड होतो. कुशीला, खालच्या बरगड्यांच्या फटीत प्रोब धरा: दोन चकचकीत रेघा, मध्ये काळसर पट्टा. तो पट्टा म्हणजे हा स्नायू. 'फुगवटा' नको, सूज वाटते. 'आकुंचनाने वाढलेली जाडी' लिहा आणि एकदा बेटकुळीचा दाखला द्या.

प्रश्नकर्ती: म्हणजे 'निःश्वासाच्या अखेरीस जाडी २ मिमी, श्वास भरून घेतल्यावर ३ मिमी'?

प्रतिसाद: 'निःश्वास' मराठीत सुटकेचा असतो हो! 'उच्छ्वासाच्या अखेरीस' करा. बाकी वाक्य बसलं. वाढ ५० टक्के.

प्रतिसाद: टक्के काढायला वाढलेला १ मिमी भागताना खाली उच्छ्वासानंतरचे २ च ठेवा. ३ ने भागलं तर ३३ येतात. माझ्या एका लेखात तसंच छापून गेलंय.